मे महिन्यात नाही, जुलैत

सकाळी सहाला फोन वाजला. पलीकडून चिपळूणची मैत्रीण बोलत होती. "अगं, येऊ नका. रात्रभर नुसता कोसळतोय. आईपण म्हणतायत, पोरींना सांग, पुढच्या आठवड्यात या म्हणावं."

'आई' म्हणजे तिच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढं. आम्ही पन्नाशी ओलांडलेल्या बायका, पण त्यांच्या लेखी अजून पोरीच.

मी खिडकीबाहेर पाहिलं. पुण्यात भुरभुर होती, छत्रीसुद्धा उघडावी लागू नये अशी. पण पुण्याच्या आभाळावरून चिपळूणच्या पावसाचा अंदाज बांधता येत नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि कोकणात, घाटमाथ्यावर रिते होतात. आपल्याकडं येतो तो उरलासुरला पाऊस. हवामान खात्यानं रत्नागिरी जिल्ह्याला आणि साताऱ्याच्या घाटभागाला ऑरेंज अलर्ट दिला होता. म्हणजे अति मुसळधार, 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर.

आमचा एक नियम ठरलेला आहे. रेड अलर्ट असेल तर घरी बसायचं. ऑरेंज असेल तर दिवसाउजेडी निघायचं, कोयनानगरला थांबायचं, घाटाची चौकशी करायची आणि तिथला माणूस 'नको' म्हणाला तर मुकाट्यानं मागं फिरायचं. साताऱ्याच्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "मी कंदी पेढे आणि टॉर्चचे सेल आणून ठेवलेत. तू निघ."

तारीख होती 21 जुलै.

ही तारीख का

पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही तिघी तीन वर्षं राहिलो. लग्नानंतर चिपळूणला जाणं व्हायचं ते मे महिन्यात. फणस, आंबे, गुहागरचा समुद्र, परशुरामाचं दर्शन, येताना डब्यात कोकम. पंचवीस वर्षं आम्ही कोकणात असेच गेलो. पावसाळ्यातलं तिचं घर आम्ही पाहिलंच नव्हतं.

22 जुलै 2021, गुरुवार. पहाटे तिचा मेसेज आला, 'पाणी वाढतंय, सामान वर नेतोय.' त्यानंतर काही नाही. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. दिवसभर टीव्हीवर वाशिष्ठी नदीच्या पुरात बुडालेली बाजारपेठ दिसत होती, फक्त छपरं आणि फलक पाण्याबाहेर. त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. महाड तालुक्यात तळीये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावातही दरडींनी माणसं गाडली. रस्ते ठिकठिकाणी बंद. आम्ही दोघी फोन कानाला लावून बसलो होतो. रविवारी कुणाच्या तरी फोनवरून तिचा आवाज आला, "आहोत गं आम्ही सगळे. घर मात्र संपलं."

आम्ही आठव्या दिवशी पोचलो. खराटे, फिनेल, गमबूट, जुन्या चादरी असं सामान गाडीत भरून. गल्लीत गुडघाभर गाळ होता. तिच्या नवऱ्याचं वह्यापुस्तकांचं दुकान. शाळा उघडतील म्हणून भरलेला सगळा माल भिजून फुगला होता आणि रॅकमध्ये इतका घट्ट बसला होता की, वह्या पहारीनं काढाव्या लागल्या. त्या पहारीचा आवाज मला अजून ऐकू येतो. पूर आला त्या रात्री घरातले सगळे शेजारच्या वरच्या मजल्यावर होते. चौदा माणसं, एक खोली, प्यायला एक कळशी पाणी.

त्या दिवशी अंगणात बादल्या धुताना ती सहज बोलून गेली, "मे महिन्यात सगळेच येतात गं. जुलैत कोण येतं?" तक्रारीचा सूर नव्हता. पण आम्हा दोघींनाही ते लागलं. तेव्हापासून दर वर्षी 22 जुलैला आम्ही तिच्या घरी असतो. पुढची गोष्ट त्यानंतरच्या एका जुलैची.

चार घाटांतून एक

पुण्याहून चिपळूणला उतरायला चार वाटा आहेत. ताम्हिणीतून माणगाव, वरंध्यातून महाड, आंबेनळीतून पोलादपूर आणि कुंभार्लीतून थेट चिपळूण. पहिल्या तिन्ही वाटा मुंबई-गोवा महामार्गाला जाऊन मिळतात आणि तिथून चिपळूणला जायचं तर परशुराम घाट ओलांडावाच लागतो. महामार्गाच्या चौपदरीकरणात त्या घाटाचा डोंगर उभा कापला गेला आणि पावसाळ्यात तिथं दरडीची टांगती तलवार राहिली. वरंधा घाट तर पावसाळ्यात वाहतुकीला अनेकदा बंदच असतो. महाडचं नाव निघालं की, 2 ऑगस्ट 2016 ची रात्र आठवते. सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसं गेली. अंधारात, धो धो पावसात, पुढं पूल नाही हे चालकाला कसं दिसणार? आम्ही रात्री गाडी चालवत नाही ते तेव्हापासून.

म्हणून कुंभार्ली. खंबाटकी चढून सातारा, तिथून उंब्रज, मग उजवीकडं वळून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर आणि घाटमाथा.

साताऱ्यापर्यंत पाऊस साधाच होता. तिथं मैत्रिणीला गाडीत घेतलं. उंब्रजला वळलो आणि पाटणच्या अलीकडं आभाळ खाली आलं. वायपर पूर्ण वेगात असूनही काचेवरून पाणी हटेना. रस्त्याच्या खोलगट भागात पाणी साचलेलं, त्यावरून गाडी गेली की स्टिअरिंग एकदम हलकं लागायचं. टायर आणि डांबर यांच्यात पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि गाडी रस्ता सोडून पाण्यावर चालू लागते. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलायचा. हे मला एका निवृत्त एसटी चालकानं शिकवलं. त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, "बाई, पाण्याखालचा रस्ता दिसत नसंल तर रस्ता हाय असं धरूच नका." फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं.

पाटणच्या पुढं एका ओढ्यावरच्या फरशीवरून गढूळ पाणी चाललं होतं. अलीकडं पाच-सहा गाड्या उभ्या. एक दुचाकीवाला पोरगा रेटायच्या तयारीत होता. त्याला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हँडल धरून थांबवलं. "आरं, घरी आय वाट बघतिया का नाही तुझी? घटकाभर थांब, उतरतंय पाणी." पाऊण तासात फरशीचे दगडी कठडे दिसू लागले. शेतकरीबाबा स्वतः काठी टेकत पलीकडं जाऊन आले आणि मग हात केला. इतका साधा उपाय, पण त्यासाठी थांबायची तयारी लागते.

पाणी आणि आम्ही, एकाच वाटेनं

कोयनानगरला पोचायला साडेबारा वाजले. कोयना, नवजा आणि महाबळेश्वर, या तीन ठिकाणचे पावसाचे आकडे पावसाळ्यात रोज पेपरात येतात, कारण त्यांच्यावर कोयना धरणाचं 105 टीएमसीचं शिवसागर भरतं. महाबळेश्वरहून दक्षिणेला धावत आलेली कोयना इथं हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हे झालं निसर्गाचं. माणसानं त्यातलं काही पाणी उलट्या दिशेला वळवलं. डोंगरातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला पोफळीच्या बाजूला उतरतं, वीज तयार करतं आणि कोळकेवाडी धरणातून पुढं वाशिष्ठीत जातं. चिपळूणकर त्याला 'कोयनेचं अवजल' म्हणतात. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॉट. महाराष्ट्रातले कितीतरी दिवे या उतारावर लागतात.

म्हणजे आम्ही ज्या डोंगरावरून उतरणार होतो, त्याच्याच पोटातून पाणीही उतरत होतं, आणि दोघंही निघालो होतो चिपळूणलाच. 2021 च्या पुरानंतर या अवजलावरून चिपळुणात मोठा वाद झाला. पण त्या दिवशी आभाळातून किती पडलं, नदीत गाळ किती होता, भरतीची वेळ कोणती होती, या सगळ्यांची गाठ एकाच वेळी पडली हेही तितकंच खरं. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते. खाडीत भरती असली की नदीचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. म्हणून चिपळूणचा माणूस पावसाळ्यात पंचांगाच्या जोडीला भरती-ओहोटीच्या वेळाही बघतो.

टपरीवर चहा घेताना घाटाची चौकशी केली. मालक म्हणाले, "झाड पडलंय, थोडी दरड पण आलीय. जेसीबी गेलाय. वरनं खाली कुणी सोडत नाहीत." चिपळूणच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, "कोयनेला आहोत. घाट उघडला तर येतो, तीन-साडेतीनच्या पुढं निघणार नाही. नाहीतर इथंच मुक्काम." ती म्हणाली, "हां, हे बरं केलंस. आता मी काळजी करत नाही."

टपरीत एक मालट्रकवाले होते, कराडहून सिमेंट घेऊन निघालेले. आठवड्यात तीनदा हा घाट उतरतात. ते म्हणाले, दरड बहुतेकदा एकदम येत नाही, आधी सांगते. डोंगरातून येणारं पाणी स्वच्छ असतं तोवर ठीक. ते एकाएकी लाल, गढूळ झालं, बारीक खडे टपटप पडू लागले, उभं झाड तिरकं दिसलं, की तिथं थांबायचं नाही आणि त्याच्या खाली तर गाडी लावायचीच नाही. "लोक धबधबा दिसला की गाडी लावून फोटो काढतात. नेमकी तीच जागा वाईट असते."

मोरी मोकळी करणारा माणूस

अडीचला निरोप आला, एकेरी वाहतूक सोडतायत. लहान गाड्या आणि एसटी आधी. आमच्या पुढं एक एसटी होती. घाटात जुना नियम आहे, एसटीच्या मागं राहावं. तिच्या चालकाला वळण न् वळण पाठ असतं. धुकं इतकं दाट होतं की, तिचे मागचे लाल दिवे तेवढे दिसत होते. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर फार भार न देता आम्ही उतरत होतो. उजवीकडं कातळ, त्यावरून पाण्याच्या धारा थेट रस्त्यावर. डावीकडं कठडा, आणि कठड्यापलीकडं नुसतं पांढरं.

दरडीच्या जागी थांबवलं. जेसीबीनं निम्मा रस्ता मोकळा केला होता. लाल माती, दगड आणि मुळासकट आलेलं एक झाड. दोघं जण कुऱ्हाडीनं त्याच्या फांद्या तोडत होते. पण माझं लक्ष वेधलं ते थोडं बाजूला वाकलेल्या एका माणसानं. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, पायात फाटके बूट, हातात पहार. तो डोंगराकडच्या गटारात कमरेइतका उतरून मोरीचं तोंड मोकळं करत होता. पालापाचोळा, प्लास्टिकच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं ओढून काढत होता. पाच मिनिटांत काहीतरी सुटलं, पाण्यानं घुळुक असा आवाज केला आणि रस्त्यावरून वाहणारा तो सगळा लोंढा मोरीत शिरून रस्त्याखालून दरीकडं गेला. आमच्या डोळ्यांदेखत रस्ता कोरडा होऊ लागला.

मी काच खाली करून म्हटलं, "दादा, फार मोठं काम केलंत." ते म्हणाले, "ताई, दरड दगडानं येत नाही, पाण्यानं येते. पाण्याला वाट दिली की डोंगर गप बसतो."

घाटरस्त्याचं सगळं शास्त्र मला त्या एका वाक्यात मिळालं. डोंगराकडचं गटार तुंबलं की पाणी रस्त्यावर येतं, साइडपट्टी खातं, दरीकडच्या भिंतीच्या मागं साचतं आणि एके रात्री भिंतीसकट रस्ता घेऊन जातं. पूर्वी प्रत्येक टप्प्याला सार्वजनिक बांधकाम खात्याचा मैलकामगार असे. तो रोज पायी फिरून गटारं, मोऱ्या, साइडपट्ट्या बघायचा. जुन्या जाणत्यांना तो नावानिशी ठाऊक असे. असे मैलकामगार आता दिसेनासे झालेत. डोंगर कोसळल्यावर जेसीबी येतो आणि त्याची गरज आहेच, पण कोसळण्याआधी पहार घेऊन येणारा माणूस रस्त्याला जास्त हवा.

भोंगा

पोफळी, शिरगाव, अलोरे, खेर्डी ओलांडून बहाद्दूरशेख नाक्यावर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. मैत्रिणीचा नवरा रेनकोट घालून उभा होता. "गाडी इथंच उंचावर लावा. खाली पाणी यायला लागलंय." तिथून चालत घरी. गल्लीच्या तोंडाशी घोट्यापर्यंत पाणी होतं.

सासूबाई दारात. "सांगितलं होतं ना येऊ नका म्हणून?" असं म्हणतच त्यांनी टॉवेल पुढं केला. आत चुलीवर गरम पाणी होतं, कुळथाचं पिठलं आणि भात शिजत होता. 'येऊ नका' म्हणताना तीन माणसांचा जास्त भात त्यांनी धुऊन ठेवला होता. दोघींचा आणि, "ड्रायव्हर आणला असशील तर" म्हणून तिसऱ्याचा.

घराचा कायापालट मला दर वेळी नव्यानं दिसतो. विजेची बटणं छातीच्या वर गेलीत. लाकडी कपाटांऐवजी लोखंडी मांडण्या. फ्रिज सिमेंटच्या ओट्यावर. बैठकीच्या भिंतीवर साधारण साडेनऊ फुटांवर पेन्सिलीची एक रेघ आणि तारीख, 22-7-21. रंग देताना ती रेघ तेवढी सोडायला सांगितली. तिच्याखाली दुसरी रेघ, 2005 च्या जुलैतली. माळ्यावर पत्र्याची ट्रंक, तिच्यात सातबारा, बँकेची पुस्तकं, औषधांच्या चिठ्ठ्या, लग्नाचे फोटो. माळ्याला कायमची टेकवलेली शिडी.

साडेआठला नगरपालिकेचा भोंगा वाजला. वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर, धोका पातळी 7 मीटर. नदीनं इशारा पातळी ओलांडली होती. तो आवाज ऐकताच सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. कुणी काही बोललं नाही. सगळे उठले.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. दुकानातला माल आम्ही साखळी करून माळ्यावर पोचवला. मैत्रिणीचा नवरा आणि मुलगा शिडीवर, मैत्रीण मध्ये, मी आणि सातारकरीण खाली. वह्यांचे गठ्ठे, कंपासपेट्या, रंगांचे खोके. एक डझनाचा गठ्ठा किती जड असतो हे तेव्हा कळलं. शेजारच्या घरातल्या आजोबांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. त्यांची सून म्हणाली, "मागच्या वेळी हात कमी पडले." त्या रात्री चार हात जास्त होते. एवढ्यासाठीच आम्ही घाट उतरून आलो होतो, असं मला मनापासून वाटलं.

पाणी दाराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं. आम्ही माळ्याखाली मेणबत्तीच्या उजेडात बसून होतो. सासूबाई जुन्या गोष्टी सांगत होत्या. 1864 सालापासूनच्या इथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून पुस्तकं बदलायला जातात. 2021 मध्ये तिथली हजारो पुस्तकं चिखलात गेली, तेव्हा त्या घरच्या चिखलासाठी रडल्या नव्हत्या, वाचनालय बघून रडल्या. एसटी आगाराच्या व्यवस्थापकांची गोष्टही त्यांनी सांगितली. आगाराची नऊ लाखांची रोकड वाचवण्यासाठी ते बुडालेल्या बसच्या टपावर नऊ तास बसून होते. "चिपळूण बुडलं म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण माणसं बुडाली नाहीत हो आमची."

साडेबाराच्या सुमारास मैत्रिणीचा नवरा टॉर्च घेऊन पायरीवर गेला. "ओहोटी लागली." पहाटे तीनला तिसरी पायरी दिसली, मग दुसरी. उजाडलं तेव्हा अंगणात पाण्यानं आणलेला पातळ गाळ आणि एक अनोळखी चप्पल होती. तारीख होती 22 जुलै. आम्ही खराटे घेतले.

काय हवं आहे

2021 नंतर चिपळूणकरांनी बचाव समिती करून, साखळी उपोषण करून वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायला लावला. त्याचा फायदा झाला, असं गल्लीतला प्रत्येक जण सांगतो. पण गाळ दर पावसाळ्यात डोंगरावरून पुन्हा येतो. तो काढणं हे एकदाचं काम नाही, दर उन्हाळ्यातलं आहे. डोंगर उभा कापला की पुढच्या पावसात तो रस्त्यावर आणि नदीत उतरतो. घाटातल्या मोऱ्या मेअखेर साफ व्हाव्यात, दरडीच्या जागांवर पावसाळाभर माणूस उभा असावा, घाट उघडा की बंद हे टपरीवाल्याला विचारावं न लागता प्रवाशाला वेळेवर कळावं, एवढीच मागणी आहे. कोकणात उतरणारा प्रत्येक घाट ही खालच्या गावांची जीवनवाहिनी आहे. रुग्णवाहिका, औषधं, मदतीचे ट्रक आणि मित्रमंडळी त्याच वाटेनं येतात.

आणि वाचकांना एक मनापासूनची विनंती. पुरात, वादळात गाडी घालण्याचं धाडस कुणी करू नये, ज्याच्याकडं जायचं त्याच्या जिवाला आपण घोर लावू नये. पण आपलं कुणी नदीकाठी, डोंगरपायथ्याला राहत असेल, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना फोन करा. त्यांची शिडी कुठं आहे, ट्रंक कुठं आहे, शेजाऱ्याचा नंबर काय, हे विचारून ठेवा. रस्ता जाऊ देत असेल तेव्हा पावसाळ्यात एकदा त्यांच्याकडं जा. आंबे मे महिन्यात मिळतात. हात जुलैत लागतात.